एका फ्रँकच्या भाड्याची बोट

सबमिशनं संपली, व्हायव्हा उरकला, की नाशिकमधल्या जवळपास प्रत्येक कॉलेज ग्रुपवर एकच शब्द फिरायला लागतो. मालवण. द्वारकेवरून रात्रीची गाडी पकडायची, पुणे-कोल्हापूर करत घाट उतरायचा, तारकर्लीत एखादा होमस्टे गाठायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सात जणांत मिळून एक छोटी मोटरबोट ठरवायची. होडीवाले काका सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकाळ जागा बघून होडी थांबवतात, तुम्ही मास्क लावता, तोंडात नळी धरता आणि पाण्यावर पालथे पडता. ज्यांच्या घरी बजेट जरा सैल आहे ते मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला जातात. तिथंही शेवटी छोटी होडीच कामाला येते. खाजणाचं पाणी उथळ आणि भोवती प्रवाळाची भिंत, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यातच उभं राहतं आणि माणसं होडीतून बेटावर नेली जातात.

आपल्या द्वारकेला समुद्र नाही, आहे तो ट्रॅफिकचा. पण ज्या द्वारकेवरून हे नाव आलं, त्या गुजरातमधल्या द्वारकेच्या समुद्रात १९८०च्या दशकात एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे उतरले होते. पाण्याखाली त्यांना दगडी नांगर सापडले, बांधकामाचे दगड सापडले. ते कुठल्या काळातले यावर अजून वाद चालतात, ते असू द्या. मुद्दा एवढाच की ते पाणबुडे पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळेपणाने पोहू शकत होते, आणि तुम्हीही मालवणात स्नॉर्केलिंगवरून पुढे स्कूबावर जाऊ शकता, यामागे मुख्यतः दोन माणसं आहेत. त्यातल्या एकाचं नाव तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. झाक-ईव्ह कुस्तो. लाल लोकरी टोपी घालणारा तो सडपातळ फ्रेंच माणूस. तो गेला तेव्हा तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता.

त्याची गोष्ट संतचरित्रासारखी सांगितली जाते, समुद्राचा रक्षक वगैरे. तशी ती वाचायला मला कंटाळा येतो. खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि होडी भाड्याने घेऊन पाण्यात उतरणाऱ्या कुणालाही ती जास्त उपयोगाची आहे.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१०चा, फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या सेंट-आंद्रे-द-क्युबझाक या छोट्या गावातला. वडील श्रीमंत अमेरिकन लोकांचे खासगी सचिव, त्यामुळे घर सतत फिरतीवर. पोरगा तब्येतीने किरकोळ, अभ्यासात रमेना. काही काळ कुटुंब अमेरिकेत होतं. तिथल्या एका उन्हाळी शिबिरात मुलं जिथं सूर मारायची त्या तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढायचं काम त्याच्यावर आलं. श्वास रोखून खाली जायची सवय तिथली. तेराव्या वर्षी त्याने पैसे साठवून फिल्म कॅमेरा घेतला, तो आधी उघडून बघितला आणि मग वापरायला घेतला. शाळेत खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून काढून टाकलं, घरच्यांनी कडक शिस्तीच्या शाळेत घातलं. तिथं मात्र गाडी रुळावर आली. १९३० मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला.

त्याला पाण्यात जायचंच नव्हतं हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. त्याला उडायचं होतं. नौदलाच्या विमान विभागात त्याचं प्रशिक्षण सुरू होतं आणि वैमानिक व्हायला थोडंच बाकी होतं. १९३६ मध्ये एका लग्नाला जाताना, रात्री, वडिलांची गाडी चालवताना वळणावर अपघात झाला. दोन्ही हातांची हाडं मोडली. एक हात कापावा लागेल असं डॉक्टरांचं मत होतं, त्याने नकार दिला. हात वाचले, वैमानिक होणं संपलं. वय पंचवीस-सव्वीस. प्लेसमेंटच्या शेवटच्या राउंडला बाहेर पडलेल्या कुणालाही ही अवस्था समजावून सांगायची गरज नाही.

बदली तूलाँच्या नौदल तळावर झाली. तिथला सहकारी फिलिप तायेझ याने हातात ताकद यावी म्हणून त्याला रोज समुद्रात पोहायला नेलं आणि एक दिवस पाण्यात वापरायचा चष्मा दिला. समुद्रातून मोती-शिंपले काढणारे वापरत तसा साधा चष्मा. कुस्तोने तो लावून तूलाँजवळच्या किनाऱ्यावर डोकं पाण्याखाली घातलं. वर ट्राम, माणसं, विजेचे खांब. खाली हिरवी शेवाळाची रानं आणि मासे. तुम्ही मालवणात पहिल्यांदा मास्क लावून खाली बघता तेव्हा जे होतं, नेमकं तेच त्याला १९३६ मध्ये झालं. फरक एवढाच की तुम्ही वर येऊन रील टाकता, आणि तो पुढची साठ वर्षं तिथून बाहेरच आला नाही.

फ्रेदेरिक द्युमा नावाचा तिसरा मित्र मिळाला. हा भाल्याने मासे मारण्यात तरबेज. तिघे मिळून नवीन नवीन साधनं वापरून बघायचे. लुई द कोर्लिए या दुसऱ्या एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने रबरी पंखांचं पेटंट १९३३ मध्येच घेतलं होतं. म्हणजे आज तुम्हाला होडीत मिळणाऱ्या किटमधले मास्क, नळी आणि फिन्स, तिन्हीचे पूर्वज तेव्हा हाताशी होते. अडचण होती ती श्वासाची. वर यावंच लागायचं.

इथं जरा थांबा, कारण हा प्रश्न होडीत हमखास कुणीतरी विचारतं: नळी लांब केली तर आणखी खोल नाही का जाता येणार? नाही. पाण्याचा दाब छातीवर बसतो. पृष्ठभागावरची हवा नळीतून खाली ओढायची तर फुप्फुसांना त्या दाबाविरुद्ध फुगावं लागतं, आणि जेमतेम एखाद्या मीटरवरच आपले स्नायू हात टेकतात. दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढत जातो. त्यामुळे खोल जायचं तर हवा तिथल्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडात यायला हवी, आणि श्वास घेतल्यावरच यायला हवी, नाहीतर टाकी मिनिटांत रिकामी.

उत्तर मिळालं ते समुद्राच्या शोधातून नाही, पेट्रोलच्या टंचाईतून. १९३७ मध्ये कुस्तोने सिमोन मेल्शियोर हिच्याशी लग्न केलं होतं. नौदलातल्या घराण्यातली मुलगी, आणि तिचे वडील एअर लिक्विड या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर. युद्ध सुरू झालं, जर्मनीने फ्रान्स जिंकला, पेट्रोल जर्मन सैन्याकडे जायला लागलं. फ्रेंच लोकांनी गाड्या वायूवर चालवायला सुरुवात केली. इंजिनाला लागेल तेवढाच वायू सोडणारा एक व्हॉल्व्ह कंपनीतल्या एमिल गान्याँ या इंजिनिअरने तयार केला होता. डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो त्याला पॅरिसमध्ये भेटला. इंजिनाच्या जागी माणसाचं फुप्फुस ठेवायचं, एवढंच काय ते डोकं लावायचं होतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, हे मलाही कळतं. द्वारकेच्या आसपासच्या गॅरेजमध्ये एका गाडीचा पार्ट घासूनपुसून दुसऱ्या गाडीला बसवणारे मिस्त्री बघितले असतील, तर त्यांना हे लगेच पटेल.

पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत, थंडीत. कुस्तो आडवा पोहत होता तोवर सगळं छान. उभा राहिला की हवा फुकट वाहून जायची, डोकं खाली केलं की श्वास जड व्हायचा. दोघं वैतागून परत निघाले आणि वाटेतच कारण सापडलं. उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप तोंडाजवळ होती आणि हवा देणारा पडदा पाठीवर. माणूस आडवा असला की दोन्ही एकाच पातळीवर. उभा राहिला की दोघांत वीतभर उंचीचा फरक, म्हणजेच दाबाचा फरक. झडप पडद्याशेजारी आणून ठेवली आणि प्रश्न सुटला. आजची स्कूबा साधनं बरीच बदलली आहेत, पण वीतभर पाण्याचा तो हिशोब अजून तोच आहे.

जून १९४३. तयार उपकरण लाकडी खोक्यातून रेल्वेने बांदोलला आलं. फ्रान्स शत्रूच्या ताब्यात, किनाऱ्यावर सैनिक. कुणाच्या नजरेत येणार नाही अशी छोटी खाडी बघून हे लोक गेले. कुस्तो टाकी घेऊन खाली गेला. द्युमा किनाऱ्यावर, काही झालं तर उडी मारायच्या तयारीत. आणि सिमोन पाण्यावर पालथी, मास्क लावून, तोंडात नळी धरून, वरून नवऱ्यावर लक्ष ठेवत. स्कूबाच्या इतिहासातल्या त्या गाजलेल्या बुडीची पहिली साक्षीदार स्नॉर्केलिंग करत होती. पाण्यात तिने नवऱ्याला कोलांट्या मारताना बघितलं, डोक्यावर उभं राहताना बघितलं. एका कपारीत त्याला मोठे शेवंड सापडले. तो ते दोन-दोन करून वर आणून तिच्या हातात द्यायचा. युद्धात अन्नाचे हाल होते, त्या दिवशी जेवण झकास झालं.

सिमोन लक्षात ठेवा. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

युद्ध संपलं. त्याचा थोरला भाऊ पिएर नाझींच्या बाजूने लिहिणारा पत्रकार होता, ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा संपादक. १९४६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला, पुढे तो जन्मठेपेत बदलला. कुस्तो नौदलाचा गणवेश घालून भावाच्या बाजूने कोर्टात उभा राहिला होता. त्याच काळात नौदलाने पाणबुड्यांचं एक संशोधन पथक उभं केलं. समुद्रातले सुरुंग काढणं, बुडालेली जहाजं शोधणं, किती खोल जाता येतं ते तपासणं. १९४६ मध्येच कुस्तो आणि द्युमा दक्षिण फ्रान्समधल्या व्होक्लूझच्या झऱ्यात उतरले आणि मरता मरता वाचले. डोकं बधिर झालं, दिशा कळेना, वर कसे आले हे त्यांना नीट आठवेना. नंतर टाक्यांमधली हवा तपासली तर तिच्यात कार्बन मोनॉक्साइड. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढला होता. पुढच्या वर्षी पथकातला मोरिस फार्ग १२० मीटर खोलीवर गेला आणि जिवंत परतला नाही. खोल पाण्यात दाबाखाली नायट्रोजनची नशा चढते हे त्यांना माहीत होतं. ती किती, हे त्याच्या जाण्याने कळलं. स्कूबाच्या कोर्समध्ये तुम्हाला जी खोलीची मर्यादा अगदी कोरड्या आवाजात सांगतात, ती अशी आलेली आहे. प्रशिक्षकाने सांगितलेल्या मर्यादेवर घासाघीस करू नका. होडीच्या भाड्यावर खुशाल करा.

भाड्यावरून आठवलं. कुस्तोला आता बोट हवी होती. नौदलाची नको, स्वतःच्या मर्जीने कुठेही नेता येईल अशी. पैसे नव्हते. माल्टामध्ये त्याला एक लाकडी जहाज दिसलं, साधारण ४२ मीटर लांबीचं. ते मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेलं, ब्रिटिश नौदलासाठी सुरुंग काढणारं. युद्धानंतर ते माल्टा आणि गोझो या दोन बेटांमध्ये माणसं-गाड्या नेणारी फेरीबोट झालं होतं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी आठवा, तसलाच प्रकार. नाव ‘कॅलिप्सो’. लोएल गिनेस या श्रीमंत ब्रिटिश माणसाने १९५० मध्ये ते विकत घेतलं आणि कुस्तोला भाड्याने दिलं. भाडं वर्षाला एक फ्रँक.

किती भारी, असं वाटलं ना? आता पुढचं बघा. होडी भाड्याने घेणाऱ्या कुणालाही हे लागू आहे: भाडं हा खर्चाचा सगळ्यात छोटा भाग. इंधन, खलाशी, दुरुस्ती, यंत्रं, सगळं कुस्तोच्या अंगावर. समोरच्या टोकाला पाण्याखाली काचेच्या खिडक्यांची एक खोली बसवली, आत पडून मासे बघता येतील अशी. त्याचे पैसे? सिमोनने दागिने विकले, फरचे कोट विकले. आणि मग ती त्या जहाजावरच राहायला गेली. पुढची जवळपास चाळीस वर्षं ती नवऱ्यापेक्षा जास्त दिवस ‘कॅलिप्सो’वर राहिली. खलाशांची जेवणं, आजारपणं, भांडणं तिच्याकडे. ते तिला धनगरीण म्हणायचे, कळप सांभाळणारी म्हणून. कॅमेरा फिरला की ती बाजूला व्हायची. सगळ्या जगाने बघितलेल्या त्या जहाजावरची कायमची मालकीणबाई पडद्यावर जवळजवळ नाहीच. आपल्या कॉलेजच्या फेस्टमध्ये बॅकस्टेज सांभाळणाऱ्या पोरी आणि स्टेजवर माइक धरणारी पोरं बघितली की मला हटकून तिची आठवण येते.

१९५३ मध्ये कुस्तो आणि द्युमाचं ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक आलं आणि जगभर खपलं. त्याच नावाचा चित्रपट १९५६ मध्ये. सहदिग्दर्शक होता लुई माल, नुकताच फिल्म स्कूलमधून आलेला, शूटिंगच्या वेळी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. म्हणजे तुमच्यातल्या एम.ए.च्या मुलाएवढा. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पाम द'ओर या माहितीपटाला मिळाला, पाठोपाठ ऑस्करही. त्यानंतर पाम द'ओर मिळवायला दुसऱ्या माहितीपटाला २००४ साल उजाडावं लागलं.

आता हा चित्रपट तुम्ही आज बघा. रंग अप्रतिम आहेत. पण काही दृश्यं बघवत नाहीत. खाजणात कुठले मासे किती आहेत ते मोजायचं म्हणून ‘कॅलिप्सो’चे लोक पाण्यात सुरुंग लावतात. प्रवाळात स्फोट होतो आणि मेलेले मासे गोळा करून किनाऱ्यावर मांडले जातात. महाकाय कासवांच्या पाठीवर बसून मजा केली जाते. व्हेलचं एक पिल्लू जहाजाच्या पंख्यात सापडून चिरतं. त्याला गोळी घालतात. रक्ताच्या वासाने शार्क येतात, पिल्लाला खायला लागतात, आणि चिडलेले खलाशी त्या शार्कना डेकवर ओढून कुऱ्हाडींनी मारतात. कॅमेरा चालूच. निवेदन सांगतं की पाणबुड्यांना शार्कचा तिरस्कार असतो. तेव्हाच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, परीक्षकांनी बक्षिसं दिली.

त्यांना वाईट माणसं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आता मालवणच्या पाण्यात बघा. मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २९ चौरस किलोमीटरहून थोडा जास्त. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी त्याचा गाभा. तुमची होडी बहुतेक तिथंच थांबते. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो जिवंत प्राण्यांचा समूह असतो. गोल दगडासारखे प्रवाळ वर्षभरात सेंटिमीटरभर वाढले तरी पुष्कळ. पोहताना दम लागला म्हणून त्यावर पाय ठेवून उभं राहणं, फोटोसाठी धरणं, मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकणं, नांगर थेट खडकावर सोडणं. हे सगळं होतं आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही, जसं १९५५ मध्ये ‘कॅलिप्सो’वरच्या कुणाला सुरुंगात गैर वाटलं नव्हतं. आठवण म्हणून खिशात घातलेला प्रवाळाचा तुकडा तर थेट गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ २००१पासून आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अभयारण्याला मालवणच्या मच्छीमारांनी मोठा विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पिढ्यान्‌पिढ्या जिथं जाळं टाकलं तिथं उद्या बंदी येईल ही भीती. आज त्यांच्यातल्याच कितीतरी घरांतली पोरं पर्यटकांच्या होड्या चालवतात, गाइड म्हणून पाण्यात उतरतात. पावसाळ्यात सगळं बंद, त्यामुळे कमाई हंगामापुरतीच. अशा वेळी नांगर कुठं टाकता, हा प्रश्न होडीवाल्या दादाला विचारायचा तो आवाज चढवून नाही. बहुतेक वेळा त्यालाच आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. घाई आपल्याला असते, एका तासात सगळं बघून पुढच्या पॉइंटला जायची.

कुस्तोही पैशाच्या कात्रीतून सुटला नव्हता. १९५४ मध्ये ‘कॅलिप्सो’ने अबू धाबीच्या समुद्रात तेल कुठं मिळेल याचं सर्वेक्षण केलं, ब्रिटिश तेल कंपनीसाठी. पाणबुडे तळाचे खडक फोडून नमुने आणायचे. त्या पैशावर पुढच्या मोहिमा झाल्या. पुढे समुद्र वाचवा म्हणणारा माणूस काही काळ समुद्रातल्या तेलाच्या जिवावर जगला होता. चरित्रातलं हे पान बऱ्याच लेखांत गाळलेलं असतं.

बदल एका दिवसात झाला नाही. १९५७ मध्ये तो मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाचा संचालक झाला. १९६० मध्ये फ्रान्सने किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं तेव्हा तो उघडपणे विरोधात उभा राहिला, लोकही उठले आणि बेत मागे घ्यावा लागला. १९६३ मध्ये सुदानजवळ तांबड्या समुद्रात त्याची माणसं दहा मीटर खोलीवर बांधलेल्या घरात महिनाभर राहिली. त्यावरच्या चित्रपटालाही ऑस्कर मिळालं. माणूस समुद्राच्या तळाशी वस्ती करील हे त्याचं स्वप्न मात्र पुढे त्यानेच सोडून दिलं. या वर्षांत तो एकाच जागी पुन्हा पुन्हा बुड्या मारत होता. ज्या जागा पूर्वी माशांनी भरलेल्या बघितल्या, तिथं दहा-पंधरा वर्षांनी काहीच नाही. कदाचित हेच मुख्य कारण असावं. आपण एखाद्या ठिकाणी एकदाच जातो, त्यामुळे तिथं काय कमी झालंय हे आपल्याला दिसत नाही.

१९६८ पासून अमेरिकन टीव्हीवर त्याची मालिका सुरू झाली आणि लाल टोपी घराघरांत पोहोचली. १९७३ मध्ये त्याने कुस्तो सोसायटी काढली. आधीच्या चित्रपटातल्या क्रूरपणाबद्दल लोक विचारायचे, तेव्हा तो ते नाकारत नसे.

धाकटा मुलगा फिलिप त्याचा उजवा हात. वडिलांना जे जमलं नाही ते त्याला जमलं होतं, तो वैमानिक होता. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ तेझू नदीत त्याचं पाण्यावर उतरणारं कॅटलिना विमान अपघातात सापडलं. फिलिप ३८ वर्षांचा होता. कुस्तो त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही असं त्याला ओळखणारे सांगत. वास्तुविशारद झालेला थोरला मुलगा झाँ-मिशेल वडिलांच्या मदतीला आला.

१९९० मध्ये आशी वर्षांच्या कुस्तोने अंटार्क्टिकात खाणी नकोत म्हणून सह्यांची मोहीम चालवली. दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या, तो देशोदेशींच्या प्रमुखांना भेटला, आणि १९९१ मध्ये माद्रिदला जो करार झाला त्याने तिथं खाणकामावर बंदी आली. अर्थात ती एकट्याची करामत नव्हती, पण त्याच्याशिवाय इतक्या लवकर झाली असती असं वाटत नाही.

त्याच १९९०च्या डिसेंबरात सिमोन गेली. तिची रक्षा मोनॅकोजवळच्या समुद्रात सोडली. काही महिन्यांतच कुस्तोने फ्रान्सिन त्रिप्ले हिच्याशी लग्न केलं आणि तेव्हा जगाला कळलं की या दोघांना आधीपासूनच दोन मुलं आहेत. थोरल्याशी बिनसलं. भांडण कशावरून, तर फिजी बेटावरच्या एका रिसॉर्टवरून. झाँ-मिशेलने तिथल्या पर्यटकांसाठीच्या, स्नॉर्केलिंग-डायव्हिंगच्या रिसॉर्टला कुस्तो हे नाव दिलं होतं. बापाने मुलाला कोर्टात खेचलं. शेवटी तडजोड झाली: आडनाव वापरायचं तर पुढे झाँ-मिशेल असं पूर्ण नाव लावायचं. ज्या माणसाने अवघ्या जगाला समुद्र आपला आहे असं वाटायला लावलं, तो म्हातारपणी आपल्या नावावर हक्क सांगत वकिलांच्या ऑफिसात बसला होता. मला हा भाग लिहिताना वाईट वाटलं, पण वगळावासा वाटला नाही.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाली. ती वर काढून फ्रान्सला नेली. कुस्तोने नव्या जहाजासाठी पैसे जमवायला सुरुवात केली, ते काही त्याच्या हयातीत झालं नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये तो गेला, वय ८७. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि जन्मगावी, सेंट-आंद्रे-द-क्युबझाकला, दफन.

बोटीवरून मात्र भांडणं चालू राहिली. ती खरी कुणाची, गिनेस कुटुंबाची की सोसायटीची, की आणखी कुणाची? वर्षाला एक फ्रँक भाडं ठरवताना हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नसावा. २००४ मध्ये एक मोठी क्रूझ कंपनी ती एका युरोला घेऊन दुरुस्त करणार आणि बहामाजमध्ये संग्रहालय म्हणून ठेवणार अशा बातम्या आल्या. ते झालं नाही. ला रोशेलच्या बंदरात ती वर्षानुवर्षं कुजत पडली, मग ब्रिटनीतल्या कॉन्कार्नोच्या शेडमध्ये, दुरुस्तीवाल्यांशी बिलावरून वाद सुरू. २०१६ मध्ये तिला तुर्कस्तानला नेलं. पुढच्या वर्षी तिथल्या यार्डात आग लागली आणि नव्याने बसवलेलं बरंचसं लाकूड जळालं.